शिट्टीवालं गाणं

आमचे हे गाणारे नाहीत, वाजवणारे नाहीत, आणि नाचणारे तर मुळीच नाहीत. आमच्या लग्नात मैत्रिणींनी दोघांना नाचायचा आग्रह केला, तेव्हा हे वायर तपासायचं निमित्त काढून स्पीकरच्या मागे जाऊन बसले, ते जेवणं उरकेपर्यंत बाहेर आले नाहीत. मी एकटीच उभी, नटूनथटून, सगळ्यांकडे बघून हसत! तेव्हाच ओळखायला हवं होतं की ह्या माणसाचा संसार माझ्याशी कमी आणि वायरींशी जास्त होणार आहे.

पण आमच्या गावातल्या पन्नाशी-साठीच्या कुठल्याही माणसाला विचारा, की बाबा रे, तुला ती गिटारवाली, ढोल बडवणारी, केस वाढवलेली मंडळी पहिल्यांदा कोणी ऐकवली? तो आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवेल. कॅसेटवाला म्हणतात त्यांना अजून. दुकान बंद होऊन जमाना झाला, कॅसेट कशाशी खातात हे आमच्या नातवाला माहीत नाही, पण भाजी आणायला गेलं तरी ‘या कॅसेटवाले’ अशीच हाक येते. आणि मी कॅसेटवाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला मी, निम्म्या गावाचे नंबर तोंडपाठ होते, पण मला कोणी टेलिफोनवाली म्हटलं नाही. असो.

दुकान म्हणजे तरी काय, आमच्याच घराच्या जिन्याखालची जागा. उंच माणूस आत शिरला की डोकं आपटायचंच. भिंतीला फळ्या, फळ्यांवर कॅसेटी, आणि टेबलावर समोरासमोर ठेवलेली दोन मशीनं. एक वाजवणारं, एक भरून घेणारं. गिऱ्हाइकाने गाणी सांगायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन-चार दिवसांनी यायचं. एका कॅसेटची दुसरी करायची तर ती जेवढा वेळ वाजते तेवढा वेळ लागायचा. पुढे दुप्पट वेगाने भरणारं मशीन बाजारात आलं, पण ह्यांनी ते घेतलं नाही. घाईत भरलेलं गाणं घाईतच ऐकू येतं, असं ह्यांचं मत. त्यामुळे गावात जेवढ्या कॅसेटी गेल्या तेवढ्या सगळ्या ह्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेल्या. मध्येच मशीन थांबवून, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आतलं पुसत बसायचे. घरी यायचे ते दवाखान्यातून आल्यासारखा वास घेऊन.

माझं म्हणाल तर सुरुवातीला मला त्या संगीतात काही कळायचं नाही. कोणीतरी पत्र्यावर दगड टाकतोय आणि दुसरा त्याच्या अंगावर ओरडतोय, असं वाटायचं. पण संध्याकाळी ड्यूटी संपवून दुकानात बसायचे, कानावर पडून पडून आवडायला लागलं. एकदा आवडलं ते कायमचं.

आमच्या घरात तेव्हा तिसरं माणूस होतं ते म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, माझे भावजी. हे त्यांना बारक्या म्हणायचे. नाव बारक्या, आणि दारातून वाकून आत यायचे! दिवसभर सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचे, संध्याकाळी काळ्या हातांनी आमच्या दुकानात. हे जेवढे घुमे, तेवढे भावजी बडबडे. तोंड बंद असेल तर शिट्टी चालू. अंघोळीला शिट्टी, जिना उतरताना शिट्टी, मी रागावले की माझ्या रागावर शिट्टी. ‘भावजी, एक मिनिट तरी गप्प बसा हो,’ म्हटलं की म्हणायचे, ‘वहिनी, मी गप्पच आहे, वाजतंय ते तोंड.’ आता अशा माणसावर कोण रागावणार?

एकदा बोटीवर नोकरी करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने परदेशातून एका बँडची कॅसेट आणून ह्यांना भेट दिली. वर चौघांचा फोटो, आणि चौघांचेही केस माझ्यापेक्षा लांब. त्यांचं नाव काही कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून हे त्यांना ‘चौकडी’ म्हणायला लागले, आणि गावातही तेच रुळलं. त्यात पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं असं काही होतं, की ऐकेल तो जागचा हलायचा नाही. हळू सुरू व्हायचं, गाणारा जवळजवळ कुजबुजायचा, मग आवाज चढत चढत जायचा, आणि मधोमध सगळे थांबून एकटी गिटार रडल्यासारखी वाजायची. मग पुन्हा गाणारा यायचा. गावात बोभाटा झाला. दुकानासमोर पोरं गोळा व्हायला लागली. आज नाक्यावर औषधांचं दुकान चालवणारा केमिस्ट तेव्हा कॉलेजात नेमाने नापास होत होता. तो तर सकाळ-संध्याकाळ दुकानात. ‘झाली का हो माझी कॅसेट? झाली का?’

आणि नेमकी त्याच आठवड्यात, एका रणरणत्या दुपारी, मशीनने टेप खाल्ली.

कॅसेटच्या धंद्यातल्या माणसाने हे शब्द ऐकले की तो हातातला घास टाकून धावतो. टेप आत अडकते, चाकाभोवती गुंडाळली जाते, आणि ओढून काढावी तर चोळामोळा होऊन निघते. गावातली ती एकुलती एक कॅसेट, बोटीवाला परत समुद्रावर गेलेला. ह्यांनी ती टेप बोटांनी सरळ केली, चमच्याच्या पाठीने इस्त्री केल्यासारखी घासली. बाकीचं वाचलं, पण गिटारचा तुकडा गेला तो गेलाच. तिथे नुसती घरघर. हे डोक्याला हात लावून बसले.

भावजी दारात उभे होते, खांद्यावर सायकलची ट्यूब. म्हणाले, ‘दादा, तो तुकडा मला पाठ आहे.’

‘पाठ असून काय उपयोग? गिटार आहे का तुझ्याकडे?’

‘तोंड आहे ना.’

ह्यांनी आधी शिव्या घातल्या. मग उठून शटर खाली ओढलं. रस्त्यावरचा गोंगाट येऊ नये म्हणून घरातल्या होत्या-नव्हत्या चादरी आणि रजया मी दाराला लावल्या. तरी ह्यांचं समाधान होईना. शेवटी भावजींना मागच्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात उभं केलं, डोकं आणि माइक आत कोटांमध्ये, पाय बाहेर. ह्यांनी गाणं त्या जागेपर्यंत नवीन कॅसेटवर भरून घेतलं होतं. आता हे बोट वर करणार, की भावजींनी वाजवायचं, की पुढचं गाणं जोडायचं. पण कपाटात डोकं असलेल्या माणसाला बोट दिसणार कसं? हे कोणाच्या डोक्यात आलं नाही! पहिल्यांदा हे बोट वर करून उभे आणि कपाटात शांतता. मी जी हसत सुटले ती थांबेना. मग माझ्यावर काम आलं की ह्यांचं बोट वर गेलं की मी भावजींच्या पायाला चिमटा काढायचा. दुसऱ्यांदा चिमटा जोरात बसला आणि कपाटातून ‘आई गं!’ तिसऱ्यांदा जमलं.

ऐकलं आणि आम्ही तिघंही गार. सांधा कळत नव्हता. गाणारा थांबायचा आणि लांबून, कुठल्यातरी रिकाम्या घरातून आल्यासारखी शिट्टी सुरू व्हायची. गिटारचीच चाल, पण मऊ. खोटं कशाला सांगू, मला मूळच्यापेक्षा तीच जास्त आवडली.

तीच कॅसेट मग मास्टर झाली. म्हणजे पुढच्या सगळ्या कॅसेटी तिच्यावरून निघाल्या, त्यांच्यावरून लोकांनी आणखी काढल्या, कोणी मेव्हण्याला दिल्या, कोणी आतेभावाला. सगळ्यांना वाटलं, शिट्टी चौकडीचीच. हे सांगायला निघाले होते, पण भावजींनी अडवलं. ‘सांगितलं की मजा गेली, दादा.’ दुकानासमोरून कोणी ती शिट्टी वाजवत गेला, की आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसायचो. एवढं मोठं गुपित आणि एवढं बिनकामाचं! तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

पुढच्याच वर्षी भावजी गेले. कावीळ झाली ती अंगावर काढली. डोळे पिवळे पडले तरी ‘ऊन लागलंय वहिनी’ म्हणत सायकलवर हिंडत होते. अजून राग येतो मला. एवढा मोठा माणूस, एकदा डॉक्टरकडे जायला काय झालं होतं! दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. ते गेले त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आज बरं दिसतंय, म्हणून हे कोऱ्या कॅसेटी आणायला शहरात गेले. संध्याकाळी खोकी घेऊन बसमधून उतरले आणि स्टँडवरच कोणीतरी सांगितलं. दवाखान्यात मी एकटी होते.

हे रडले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बारक्या हे नाव मात्र तोंडातून गेलं. घरात कधी विषय निघाला तर ‘तो’ म्हणायचे, आणि उठून जायचे. दुकान चालू ठेवलं. चौकडीची कॅसेट भरायची असली की मशीन चालू करून, माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि ती जागा येऊन गेली की मगच वळायचे. मी कधी काही विचारलं नाही.

मग काय, जे सगळ्यांचं झालं तेच आमचं. चकचकीत तबकड्या आल्या, मग त्याही गेल्या, मग गाणी मोबाइलमध्ये शिरली. दुकानात कुत्रं फिरकेना. हे रेडिओ दुरुस्त करू लागले, मग पंखे, मग मिक्सर. जिन्याखालच्या भिंतीला ओल आली आणि एका वर्षी सगळ्या कॅसेटींना पांढरी बुरशी धरली. मास्टरसुद्धा गेली. हे गावभर हिंडले, जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात उभे राहून विचारत, चौकडीची कॅसेट आहे का हो? कोणाची तुटली, कोणाची भंगारात गेली. केमिस्टच्या बायकोने तर टेप ओढून काढून वेलींना आधार द्यायला बांधली होती. एकही मिळाली नाही. भावजींचा फोटो आहे आमच्याकडे, पण फोटोत काय ऐकणार?

राहिली ती फक्त लोकांच्या तोंडात. पण तिथे मात्र चांगली टिकली. पेपरवाला सायकल चढावर ढकलताना ती शिट्टी वाजवतो. टायरवाला, पोस्टातला म्हातारा कारकून, सगळे. सकाळी हे खिडकीत चहा घेऊन बसतात. कोणी शिट्टी वाजवत आला की कप तसाच हातात धरून थांबतात, आणि तो वळणावर दिसेनासा झाला की मग पितात. थंडगार झालेला असतो. किती वेळा गरम करून द्यायचा माणसाने? पण देते मी.

एकदा मुलीने मोबाइलवर ते गाणं शोधून काढलं. ‘बाबा, ह्यात शिट्टी नाहीच की! गिटार आहे.’ मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. ‘ते वेगळं रेकॉर्डिंग. शिट्टीवालं फार दुर्मिळ आहे, ते असं कुठेही मिळत नाही.’ जन्मात खोटं न बोललेला माणूस! गावात ज्यानं ज्यानं मोबाइल दाखवला, त्याला हेच उत्तर. आणि गावाने ते असं काही उचलून धरलं की विचारू नका. दुर्मिळ वस्तू आपल्याकडे होती म्हणून छाती फुगवून फिरायला लागले सगळे.

आणि ह्या हिवाळ्यात बातमी आली, की आमच्या गावाबाहेर, बंद पडलेल्या काच कारखान्यामागच्या मैदानात तीन जुन्या बँडचा कार्यक्रम होणार, आणि शेवटचा बँड चौकडी. चौघांतले दोघंच उरलेत म्हणे, बाकी दोघं भरतीचे. पण आहेत ना! मुलीने लगेच आमची तिकिटं काढून पाठवली. केमिस्ट तर दुकान अर्धवट टाकून धावत आला. टकलावर घाम, हातात बायकोची पलंगावरची चादर. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शिट्टीवालं गाणं झालंच पाहिजे!’ एका बाजूला आपल्या भाषेत, दुसऱ्या बाजूला त्यांच्या.

‘मी तर विचारणारच आहे त्यांना,’ तो म्हणाला. ‘तुमच्यात शिट्टी वाजवतो तो कोण, जरा पुढे ये म्हणावं! कॅसेटवाले, तुम्ही माझ्या शेजारी हवेत.’

ह्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून गुडघा दुखायला लागला. आधी डावा, मग मी विचारलं तेव्हा उजवा. केमिस्टने मलम पाठवलं, ते तसंच पडून. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी डबा भरायला घेतला तर हे म्हणाले, ‘तू जाऊन ये. मी नाही येत.’

‘गुडघ्याची थापेबाजी माझ्यापुढे नको,’ मी म्हटलं. ‘खरं काय ते बोला.’

बराच वेळ हे सिंकपाशी उभे होते, नळ उघडा टाकून. मग म्हणाले, ‘आज ते सगळ्यांसमोर खरं गाणं वाजवणार. लोकांना कळणार, शिट्टी कधी नव्हतीच. मला लबाड म्हणतील, म्हणू देत. पण एकदा खरं काय ते कळलं की ती शिट्टी कोण कशाला वाजवेल? लाज वाटेल त्यांना. सोडून देतील.’ नळ बंद केला. ‘बारक्या तेवढाच उरलाय गं.’

इतक्या वर्षांनी ते नाव ऐकलं मी. खाली बसून रडावंसं वाटलं. पण माझं आपलं उलटंच असतं, रडू आलं की आधी राग येतो.

‘आणि तो जाणार म्हणून तुम्ही इथे घरात लपून बसणार?’ मी ओरडले. ‘मागच्या वेळी तुम्ही नव्हतात. मी एकटी होते त्याच्यापाशी. ह्या वेळी मी एकटी जाणार नाही, सांगून ठेवते! जायचाच असेल तो, तर तुमच्या देखत जाऊ दे.’

बोलले आणि जीभ चावली. ते दवाखान्याचं मी कधी, कधी म्हणजे कधीच, ह्यांना बोलून दाखवलं नव्हतं. ह्यांनी हात पुसले. मग आत गेले. मला वाटलं, आता हे दार लावून घेणार. पण बाहेर आले ते स्वेटर घालून.

‘थर्मास घे,’ म्हणाले. ‘तिथला चहा काही खरा नसणार.’

मैदानात गेलो तर अख्खा गाव तिथे. आणि काय एकेकाचा अवतार! ज्यांनी त्या काळी काळे टी-शर्ट घेतले होते त्यांनी ते ट्रंकेतून काढून पोटावरून ओढून बसवलेले. कोणी उशी आणलेली, कोणी कमरेचा पट्टा. पुढची पोरंटोरं नाचत होती आणि आमच्या वयाचे लोक खुर्च्या सावलीत सरकवत होते. पहिल्या बँडचा गाणारा दर दोन गाण्यांनी बसून घ्यायचा. दुसऱ्या बँडचा ढोलवाला मात्र अजून खमका, बडवायला लागला की माझ्या डब्याचं झाकण थरथरायचं. ह्यांचं लक्ष सगळं स्पीकरकडे. ‘डावा फाटतोय,’ एवढंच बोलले तासाभरात.

आमच्या शेजारी एक बस ड्रायव्हर बायकोबरोबर बसला होता, शेजारच्या गावचा. गप्पिष्ट माणूस. त्याच्याकडेही ती कॅसेट होती, मेव्हण्याने आमच्या गावातून नेलेली. ‘रोज पहाटेची गाडी काढायचो ना, तेव्हा ती शिट्टी वाजवायचो,’ तो म्हणाला. ‘झोप उडायची बघा.’ हे त्याच्याकडे बघून कसेबसे हसले.

ऊन उतरलं तेव्हा चौकडी आली. दोघं म्हातारे, दोघं तरणे. गिटारवाल्याची पांढरी बारीक वेणी, उंदराच्या शेपटाएवढी. केमिस्टने चादर फडकावली. गाणाऱ्याने ती वाचली, वळून गिटारवाल्याला काहीतरी विचारलं, आणि दोघांनी खांदे उडवले. ह्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती.

शेवटी ते गाणं सुरू झालं. तीच कुजबुज, फक्त आवाज जुना झालेला. सगळं मैदान गप्प. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि ती जागा आली. गिटारवाल्याने तारेवर बोट ठेवलं.

आणि मैदानाने शिट्टी घातली.

एक-दोघांनी नाही हो, सगळ्यांनी. केमिस्टने, टायरवाल्याने, पोस्टातल्या म्हाताऱ्याने, ड्रायव्हरने, ड्रायव्हरच्या बायकोनेसुद्धा. ज्यांचे दात गेले त्यांनी नुसती हवा फुंकली. गिटार एकीकडे आणि शिट्टी दुसरीकडे, पार घोळ झाला. पुढची पोरं वळून वळून बघायला लागली. लोक चिडले. कोणावर, तर गिटारवाल्यावर! ‘अरे, चुकतोय हा!’ केमिस्ट ओरडला. ‘वय झालं बिचाऱ्याचं,’ ड्रायव्हरची बायको हळहळली. ‘स्वतःचंच गाणं विसरला.’

मला हसावं की रडावं कळेना. गाव खोट्यात पडणार म्हणून हे घाबरले होते, आणि गावाने चौकडीलाच खोट्यात पाडलं!

गिटारवाल्याने हात थांबवला. मानेने बाकीच्यांनाही थांबवलं. कानावर हात ठेवून पुढे वाकला आणि ऐकत राहिला. शिट्टी संपली तशी हाताने खूण केली, पुन्हा. लोकांनी पुन्हा सुरू केली, आणि ह्या वेळी तो हळूच तिच्या मागून वाजवायला लागला. मऊ, तिला धक्का न लावता. मधोमध एका जागी सगळं मैदान एकदम थांबलं. शिट्टी थांबली, तसा तोही थांबला. हजार माणसांनी एकाच वेळी श्वास आत घेतल्याचा आवाज आला, आणि मग शिट्टी पुढे सुरू झाली.

‘आत्ता आठवलं त्याला!’ केमिस्टने टाळी वाजवली.

त्या चालीत तिथे थांबायचं काही कारण नाही. गिटारला थोडाच दम लागतो? दम लागला होता भावजींना. त्या कपाटात, कोटांमध्ये, उकाड्यात. तिसऱ्यांदा वाजवताना मध्येच त्यांनी घाईघाईने श्वास घेतला होता आणि हे म्हणाले होते, असू दे, कोणाला कळतंय. मी विसरून गेले होते. गाव विसरलं नव्हतं. सगळ्या गावाला तो श्वास पाठ होता.

मी ह्यांच्याकडे वळले. हे उभे राहिले होते. चष्मा हातात, आणि डोळ्यांतून धारा.

‘काय झालं हो? बरं वाटत नाही का?’ ड्रायव्हरने ह्यांचा दंड धरला.

‘माझा भाऊ आहे तो,’ हे म्हणाले.

‘कोण? तो वेणीवाला?’

‘नाही, नाही. शिट्टीवाला. बारक्या. माझा धाकटा भाऊ.’

ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे. ‘अरे वा! आलेत का ते? कुठे आहेत?’ म्हणत तो टाचा उंचावून गर्दीत शोधायला लागला. मी मध्ये बोलणार होते, पण ह्यांनी मला थांबवलं.

‘आत्ता सगळ्यांनी श्वास घेतला ना,’ हे म्हणाले, ‘तो त्याचाच,’ आणि इतक्या वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने रडले.